आधी माळ, मग तबेला

नगर शहरातून कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडा. पुण्याकडे चास-कामरगाव, मनमाडकडे विळद-देहरे, संभाजीनगरकडे जेऊर, सोलापूरकडे दरेवाडी. शेत संपून प्लॉट सुरू झालेले दिसतात. ज्वारीच्या रानात दगडी कुंपण उभं राहतं, कुंपणाला लोखंडी फाटक लागतं आणि आत शेतघर येतं. या शेतघराच्या हौसेत आता घोड्याची भर पडली आहे. घरामागे दोन-चार घोड्यांचा तबेला, फेरी मारायला वाळूचं रिंगण, मुलांसाठी रविवारची घोडेस्वारी.

घोड्याला माझा विरोध नाही. नगरच्या मातीत घोडा पुन्हा दिसावा, असं मला मनापासून वाटतं. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी बंगल्याचा नकाशा होतो, मग हिरवळ, मग पोहण्याचा तलाव, मग गाड्या लावायची जागा, आणि कोपऱ्यात जे उरेल त्यात तबेला. घोडा उरलेल्या जागेत राहणारं जनावर नव्हे. त्याला माळ लागतो, पाणी लागतं, वैरण लागते आणि अष्टौप्रहर जवळ असलेला माणूस लागतो. या चार गोष्टी असतील तर पत्र्याचं घरही चालेल. नसतील तर बंगला खुशाल बांधा, घोडा आणू नका. या आठवड्यात एवढंच सांगायचं आहे, पण ते ठणकावून सांगायचं आहे.

*

घोडा नगरला नवा नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहानं हे शहर वसवलं आणि पुढे मलिक अंबरनं या मुलखात घोड्याच्या पाठीवरून गनिमी काव्याची लढाई उभी केली. शहराजवळच्या भातवडीला १६२४ साली त्यानं मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकदम मोडल्या. तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला आणि हलक्या घोडदळानं छापे घालून त्यांना जेरीस आणलं. शहाजीराजे त्या लढाईत होते. त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले.

त्या काळच्या फौजांत ज्याचं घोडं स्वतःचं तो शिलेदार, ज्याला सरकारी पागेतून घोडं मिळे तो बारगीर. पण दोघांच्याही घोड्याची चंदी, वैरण, नालबंदी हा रोजचा हिशेब होता. घोडा पोसण्याची ऐपत म्हणजे काय, हे या मुलखाला कळत होतं.

इंग्रजांच्या काळात नगरला लष्कराचा रिमाउंट डेपो होता. फौजेसाठी घेतलेली तरणी घोडी तिथे वाढवून तयार केली जात. १ मे १९३८ रोजी सिंद हॉर्स या रिसाल्यानं घोडे सोडून चिलखती गाड्या घेतल्या, आणि आजही तो दिवस चिलखती दलाचा दिन म्हणून पाळतात. त्या दलाचं केंद्र आणि प्रशाला नगरलाच आहे. १९९४ साली उभं राहिलेलं इथलं रणगाडा संग्रहालय आजही कॅव्हलरीचं नाव लावतं. पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स ही रणगाडा पलटणींची नावं तर अजून तशीच आहेत.

शिर्डीला जाणाऱ्यांनी द्वारकामाईत घोड्याची मूर्ती पाहिली असेल. साईबाबांच्या श्यामसुंदर या घोड्याची समाधी लेंडीबागेत आहे. एका फकिराच्या दारच्या घोड्यालाही या जिल्ह्यानं असा मान दिला.

तेव्हा घोडा पाळण्याची हौस परकी आहे, असं कुणी म्हणू नये. तिला इथे पाचशे वर्षांची जमीन आहे. पण त्या पाचशे वर्षांत घोड्याला काम होतं, त्याच्यासाठी नेमलेला माणूस होता आणि त्याच्या चाऱ्यापाण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं होतं. नुसतं कुंपणाआड उभं राहायला इथे कुणी घोडा आणत नव्हतं.

*

शहराच्या कडेला हौसेचं घर बांधायचंच असेल तर नगरकरांना धडा गिरवायला लांब जायला नको. भिंगारच्या बाजूला फराहबाग अजून उभी आहे. निजामशाहीच्या अखेरच्या बहरातलं हे काम १५८३ साली पुरं झालं. मोठ्या हौदाच्या मध्यभागी दुमजली अष्टकोनी महाल. आज हौद कोरडा आहे, गिलावा झडला आहे, तरी आत उभं राहिलं की मे महिन्यातही गारवा लागतो.

त्या काळच्या नगरचं खरं कौतुक महालांचं नाही, पाण्याचं आहे. कापूरवाडी, भिंगार, शहापूर, वडगाव अशा ठिकाणांहून जमिनीखालच्या खापरी नळांनी पाणी शहराकडे आणि बागांकडे खेळवलं होतं. उतार मोजून, उसासे बांधून, पंपाशिवाय. फराहबागेचा मालक सुलतान होता, त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. तरीही पाणी कुठून येणार, हे सोडवल्याशिवाय त्याची बाग उभी राहिली नाही.

आज कुंपणाआड घर बांधणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. त्याच्याकडे बोअरची गाडी आहे. जमिनीखालचं पाणी आपल्या सातबाऱ्यावरच लिहिलेलं आहे, अशी त्याची समजूत आहे. ही समजूत चुकीची आहे आणि शेजारच्या शेतकऱ्याला ती फार महाग पडते. एकाच खडकाच्या पोटात दोन नळ्या घातल्या की जिची खोली जास्त, तिचंच पाणी.

*

आता साधा हिशेब करू.

एक घोडा दिवसाला साधारण २५ ते ४५ लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात, कामाच्या दिवशी थोडं जास्त. चार घोडे धरा, दोनशे लिटर. धुणं, तबेल्याची सफाई मिळून आणखी काही बादल्या. नगरच्या कुठल्याही वस्तीवर दोन म्हशी सांभाळणारं घर असतं, त्याच्या खर्चापेक्षा हे फार वेगळं नाही.

हिरवळीचं काय? एकरभर हिरवळीवर एक मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे चार हजार लिटर. उन्हाळ्यात तिला दिवसाला पाच मिलिमीटर तरी लागतं. म्हणजे रोज वीस हजार लिटर. ग्रामीण भागात नळाचं पाणी माणशी ५५ लिटर द्यायचं, असं सरकारी माप आहे. त्या मापानं एका एकराच्या हिरवळीचं रोजचं पाणी साडेतीनशेहून अधिक माणसांचं होतं. घोड्यांच्या भाषेत सांगायचं तर चारशे घोड्यांचं.

पोहण्याचा तलाव दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असेल तर एकदा भरायला ७५ हजार लिटर लागतात. नगरच्या वैशाखात तो रोज उडतो आणि रोज भरावा लागतो.

म्हणून गावकऱ्यांनी घोड्याकडे बोट दाखवू नये. घोडा आपल्यापुरतं पितो. पाणी पितं ते घराभोवतीचं परदेशी गवत, ज्यावर घोड्याला पायही ठेवू देत नाहीत. त्याच एकरात मारवेल किंवा पवना लावला तर पावसावर वाढेल, दिवाळीनंतर कापून गंजी लावता येईल आणि तबेल्याला काही महिने पुरेल. एप्रिलमध्ये तो पिवळा पडेल. पडू दे. एप्रिलमध्ये माळ पिवळाच असतो. नगरच्या माळाचा तोच रंग आहे आणि त्या रंगात कमीपणा काही नाही.

कायदाही वाचून ठेवावा. राज्याचा भूजल अधिनियम २००९ चा. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही खोल विहीर मानली आहे आणि शेती व उद्योगासाठी तशी विहीर घेण्यास मनाई आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आत. बोअरवाल्याला विचारा, आज नगर तालुक्यात दोनशे फुटांवर कोण थांबतं? कायदा पुस्तकात आहे आणि नळी त्याच्या कितीतरी खाली गेली आहे.

याच नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. शहरापासून तासाभराच्याही आत. पर्जन्यछायेतलं गाव, पाऊस बेताचा. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले आणि गावानं काही नियम स्वतःवर घालून घेतले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. ऊस, केळी लावायची नाही. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा, किती पडलं, किती मुरलं, माणसांना किती, जनावरांना किती, उरलं तर पिकांना किती. आणि गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. हा शेवटचा नियम बाहेरच्यांना कडक वाटतो. मला तो शहाणपणाचा वाटतो. ज्यानं बांध घातले नाहीत, चर खोदले नाहीत, श्रमदानाला घमेलं उचललं नाही, त्यानं मुरलेल्या पाण्यावर नळी टाकू नये, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक गावाला हिवरे बाजार होता येणार नाही. पण पाण्याचा ताळेबंद प्रत्येक गावाला मांडता येतो, आणि त्या ताळेबंदात शेतघराची हिरवळ वेगळ्या ओळीत लिहिता येते.

*

आता घोड्याच्या बाजूनं बोलू. त्याचा अर्ज कुणी करत नाही.

आजी विचारायची ते कोडं सगळ्यांना पाठ आहे: पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली? उत्तर एकच, न फिरवल्यानं. आठवड्याचे सहा दिवस ठाणबंद आणि सातव्या दिवशी पाठीवर चार मुलं, हा कोड्यातलाच घोडा आहे. तो अडतो, लाथ मारतो, चावतो. मग त्याला खोडीचा म्हणतात. खोड घोड्यात नसते, वेळापत्रकात असते.

घोड्याची घडण चरण्यासाठी झालेली आहे. मोकळ्यावर सोडला तर दिवसातले पंधरा-सोळा तास तो तोंड चालवतो. शरीराच्या मानानं त्याची जठराची पिशवी लहान असते. त्याला उलटी करता येत नाही. म्हणून दोनदा पोटभर चंदी आणि मधे लांब उपास, हे त्याच्या आतड्याला झेपत नाही. पोटशूळ उठतो. घोडा लोळतो, कुशीकडे वळून पाहतो, घामानं भिजतो, आणि डॉक्टर वेळेवर आला नाही तर मरतो. घोड्यांच्या मृत्यूच्या मोठ्या कारणांत पोटशूळ आहे. आपल्याकडचे बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशींच्या कामात गढलेले असतात. घोड्याची नस जाणणारा डॉक्टर किती अंतरावर आहे, हे घोडा आणण्यापूर्वी शोधावं लागतं, रात्री दोन वाजता शोधून चालत नाही.

वैरणीचंही तसंच. नगर हा उसाचा जिल्हा. हंगामात वाढं स्वस्त मिळतं म्हणून ते समोर टाकलं जातं. हत्तीगवत लावलं तर तेच रोज. या दोन्हींत ऑक्झलेट जास्त असतं आणि ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला घोड्याच्या अंगी लागू देत नाही. महिनोन् महिने तेवढंच दिलं तर हाडं ठिसूळ होतात, घोडा लंगडतो, तोंडाची हाडं सुजतात. घोड्याला वाळलेलं गवत हवं, चांगला कडबा कुट्टी करून हवा आणि जोडीला बेतानं लसूणघास. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं आरएल-८८ हा घासाचा वाण दिला, तो एकदा पेरला की तीनेक वर्षं कापता येतो. दहा-वीस गुंठे घास लावायला जागा ठेवणारा मालक घोडा पाळायला लायक आहे, असं मी समजतो.

खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. जिल्ह्यात हे काम हाताला असलेली माणसं कमी उरली आहेत, आणि त्यांतल्या कुणाचा मुलगा हे काम शिकतो आहे, असं क्वचित दिसतं. शेतघरवाल्यांनी मिळून दोन पोरं या कामात तयार केली, त्यांना बऱ्यापैकी मजुरी दिली, तर त्यांच्या हौसेतून एक विद्या वाचेल.

घोडा कळपातलं जनावर आहे. एकटा ठेवला की झुरतो, लाकूड चावत बसतो, जागच्या जागी डुलत राहतो. एकच घोडा आणायचा विचार असेल तर आणू नका. दोन झेपत नसतील तर एकही झेपणार नाही.

ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसाला होतो आणि झालेल्या घोड्याला मारावं लागतं. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्ताची तपासणी होते. बाजारातून आणलेलं जनावर तपासल्याशिवाय तबेल्यात, मुलांच्या जवळ नेणं हा निष्काळजीपणा आहे.

आणि आयुष्याचा हिशेब. नीट ठेवला तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. मुलगी आठ वर्षांची असताना आणलेला घोडा ती तिशीत असतानाही दारात असतो. ती तेव्हा पुण्यात असेल, बंगळुरात असेल. म्हाताऱ्या घोड्याची वैरण कोण घालणार, हे आणतानाच ठरवा. जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून आपल्याकडे १९६० चा कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्या किमतीत एक पेंढी कडबा येत असेल. कायदा घोड्याला वाचवणार नाही, मालकाची चाड वाचवेल.

*

तबेल्यातला सर्वांत मोठा प्रश्न घोड्याचा नाही, मोतद्दाराचा आहे.

पहाटे उठून लीद कोण काढतो? खरारा कोण करतो? तोबरा कोण बांधतो? घोड्याच्या डोळ्यात पाणी आलं हे आधी कुणाला दिसतं? मालकाला तर रविवारीच दिसणार. घोडा जगतो तो या माणसाच्या जिवावर. त्याला राहायला खोली हवी, खोलीला खिडकी हवी, संडास-न्हाणी हवी, बायका-पोरांना आणता यावं एवढी जागा हवी, आठवड्याची सुटी हवी आणि सुटीच्या दिवशी बदली माणूस हवा. घोड्याच्या ठाणाला बारा फूट लांबी आणि बारा फूट रुंदी द्यावी, असं जाणकार सांगतात. मोतद्दाराला त्याहून कमी देणाऱ्या मालकानं आपल्या नकाशाकडे पुन्हा एकदा पाहावं.

हे माझ्या पदरचं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. शेतजमिनीवर बांधायच्या शेतघराची तिनं व्याख्या दिली आहे. अवजारं, खत आणि वैरण ठेवण्यासाठी, शेतमाल साठवण्यासाठी, गुरांच्या निवाऱ्यासाठी, मालकाच्या कुटुंबाच्या, नोकरांच्या आणि कुळांच्या राहण्यासाठी बांधलेली इमारत म्हणजे शेतघर. वैरण त्यात आहे. खत त्यात आहे. जनावर त्यात आहे. नोकराचं राहणं त्यात नावानिशी आहे. पोहण्याचा तलाव त्यात कुठेही नाही. कायद्याच्या नजरेत तबेला आणि मोतद्दाराची खोली हाच शेतघराचा गाभा आहे.

*

आता ज्या घोड्याकडे शेतघरवाल्यांचं लक्षच नाही, त्याच्याविषयी.

सारंगखेड्याच्या यात्रेत, माळेगावच्या यात्रेत किंवा दिवाळीच्या सुमाराला अकलूजच्या बाजारात पांढरीशुभ्र, उंच, कान आत वळलेली मारवाडी-काठेवाडी जनावरं लाखांत विकली जातात. देखणी असतात, यात वाद नाही. पण आपल्या मुलखाचं घोडं वेगळं आहे. ते भीमथडी. भीमेच्या खोऱ्यात घडलेलं, ठेंगणं, काटक, थोडक्या चाऱ्यावर निभावणारं, दगडधोंड्यांत पाय न चुकवणारं. मराठ्यांच्या दौडींत या दख्खनी घोड्यांनी मैलोगणती मजल मारली. पुढे पुष्कळांनी मानलं की ही जात संपली.

ती संपली नव्हती. ती धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे त्यांच्या फिरत्या मुक्कामाबरोबर, चालत होती. मेंढ्यांचा कळप पुढे, मागे घोडी. घोडीच्या पाठीवर पाल, भांडीकुंडी, नुकती जन्मलेली कोकरं, खुराड्यातल्या कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर बसलेलं लहान मूल. दिवाळीनंतर नगर-पारनेरच्या बाजूचे कळप कोकणाच्या वाटेला लागतात, पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. शेकडो वर्षं कुणी वंशावळ न लिहिता या माणसांनी ती जात जपली. २०२४ साली करनालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, भुतिया आणि कच्छी-सिंधी यांच्यानंतरची ही देशातली आठवी अश्वजात. एवढा मोठा मान आपल्या दारात आला आणि तो गाजला नाही.

त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीला १७२५ साली अहिल्यादेवींचा जन्म झाला, धनगराच्या घरी. जिल्ह्याला त्यांचं नाव दिलं याचा आनंद आहे. मग त्यांच्या समाजानं जपलेलं घोडं या जिल्ह्यात उभं राहायला जागा मागतं आहे, तिकडेही पाहावं. पाटी बदलायला एक अधिसूचना पुरते. वाट मोकळी ठेवायला मन लागतं.

कारण वाट बंद होते आहे. धनगराचा वाडा पूर्वी ज्या माळावर उतरायचा तिथे आता फाटक आहे. ज्या ओढ्यावर मेंढ्या पाणी प्यायच्या तो कुंपणाच्या आत गेला. ज्या शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या आणि खताच्या बदल्यात धान्य मिळायचं, ते रान गुंठ्यांत विकलं गेलं. मग कळप डांबरी रस्त्यावर येतो. ट्रक आणि गाड्यांच्या मधून मेंढ्या, घोडी आणि मुलं चालतात. एका बाजूला फाटकाआड शोभेचा घोडा उभा, फिरायला रस्ता नाही. दुसऱ्या बाजूला कामाची घोडी चालते आहे, थांबायला जागा नाही. दोघांचा माळ एकाच कुंपणानं तोडला.

देशातली घोड्यांची संख्या याच काळात कोसळली. २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टं होती. २०१९ मध्ये ती ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांनी घट. म्हणजे शेतघरांच्या तबेल्यांनी घोडा वाचवला, असं म्हणायला जागा नाही. घोडा जगतो तो घोड्यावर जगणाऱ्या माणसांमुळे. धनगर, लग्नाची घोडी बाळगणारे, आणि पारनेर-जुन्नरच्या बैलगाडा घाटात बैलांच्या पुढे घोडी पळवणारे स्वार. २०१४ साली शर्यतींवर बंदी आली तेव्हा बैलांइतकीच या घोड्यांवरही कुऱ्हाड आली. २०२१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि घाट पुन्हा भरू लागले; १८ मे २०२३ ला त्यानं राज्याचा कायदाही उचलून धरला. त्या घाटातल्या पोराला घोडं जितकं कळतं तितकं पुस्तक वाचून कुणाला कळणार नाही. शेतघरवाल्यांनी शिकवणी लावायची तर त्याच्याकडे लावावी, आणि पैसे मोजून लावावी.

*

तर मागणं काय आहे, ते स्पष्ट मांडतो.

घोडा आणणाऱ्यानं भीमथडी आणावी. धनगराकडून रास्त भावानं घ्यावी, तिची नोंद करावी, तिचा वंश वाढवावा. थोडं पाणी, थोडा चारा, इथल्या उन्हाची सवय, मुलांना बसायला बेताची उंची. नगरच्या माळाला दुसरं कुठलं जनावर इतकं शोभणार? जात वाचवायला सरकारी कागद लागतो, पण त्याहून जास्त तिला गिऱ्हाईक लागतं.

कुंपण घालणाऱ्यानं पाणंद आणि गाडीवाट सोडावी. ही मेहेरबानी नव्हे. बांधावरून वाट मिळवण्याचा हक्क महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे आणि अडवलेली वहिवाट मोकळी करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानं तहसीलदाराला दिला आहे. गावकऱ्यांनी हे दोन आकडे पाठ करावेत आणि अर्ज करावेत. गावाच्या गायरानावर तर कुणाचंही कुंपण चालत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सगळ्या राज्यांना बजावलं आहे.

महसूल खात्यानं आणि नियोजन प्राधिकरणानं शेतघराच्या परवानगीला तीन कागद जोडायला लावावेत: पाण्याचा ताळेबंद, वैरणीची जागा आणि नोकराच्या राहण्याचा नकाशा. यातला एकही कागद नसेल तर अर्ज परत करावा.

आणि ग्रामसभेनं गप्प बसू नये. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. शिवारात नवं फाटक लागलं की पुढच्या सभेत त्याच्या मालकाला बोलवा. त्याला मानानं बसवा, चहा द्या आणि विचारा: तुमची बोअर किती फूट गेली? ओढा कुठून वळवला? घोडं कुणाच्या हवाली आहे आणि तो माणूस कुठे झोपतो? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. ज्याची उत्तरं सरळ असतील तो तुमचा शेजारी झाला, त्याच्या घोड्याला गावचा माळ मोकळा करा. ज्याला उत्तर द्यायचं नसेल, त्याच्या फाटकासमोरची वाट तहसीलदाराकडून मोकळी करून घ्या. त्यासाठी मोर्चा नको, निवेदन नको, एक अर्ज आणि चार सह्या पुरतात.